विटनी: एका इंग्लिश बाजारगावाची लोकर, नदी आणि वजनकाटा

ओसरीवर

विटनी आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला, साधारण बारा मैल. इथे येऊन अकरा वर्षं झाली, पण माझ्या लेखी ते नुसतं गुरुवारच्या बाजाराचं गाव होतं. भाजी घ्यायची, पोरांचे बूट घ्यायचे आणि गाडी लावायची वेळ संपायच्या आत निघायचं.

मार्च महिन्यात तिथल्या एका धर्मादाय दुकानात मला एक जुनं ब्लँकेट मिळालं, सहा पौंडांना. सायीच्या रंगाचं, दोन्ही टोकांना जाड दोऱ्याने टाके घातलेले, कोपऱ्यात शिवलेल्या कापडी चिठ्ठीवर गावाचं नाव. मधोमध कसरीने खाल्लेली तीन भोकं होती, म्हणून स्वस्त. घरी आणल्यावर वजन करावंसं वाटलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते मावेना. मग ते छातीशी धरून मोठ्या काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. अडीच किलोला थोडं कमी भरलं. त्या दिवसापासून मी या गावाच्या मागेच लागले आहे. जे पाहिलं-वाचलं ते या मंचावर लिहिते. जाणकारांनी भर घालावी.

गावाची ठेवण आधी सांगते. दक्षिणेला सेंट मेरीचं चर्च, त्याचा उंच दगडी मनोरा लांबून दिसतो. चर्चपुढे लांबलचक हिरवळ. हिरवळ संपते तिथे बटरक्रॉस: दगडी खांबांवर उभं छप्पर, भिंती नाहीत, आणि वर 1683 सालचा घड्याळाचा छोटा मनोरा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका इथे लोणी आणि अंडी घेऊन बसायच्या. तिथून हाय स्ट्रीट उत्तरेला उतरत जातो आणि पुलाशी विंडरश नदीला भेटतो. विटनी हे नाव 969 सालच्या सनदेतही आहे. अर्थ विट्टा नावाच्या कुणाचं तरी बेट. पुढे हा सगळा मुलूख विंचेस्टरच्या बिशपांचा झाला. बाजार त्यांनी वसवला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद तोंडाच्या आणि मागे लांब गेलेल्या जागा त्यांनीच आखून दिल्या. आजही हाय स्ट्रीटवरच्या एखाद्या बोळातून आत शिरलं की दुकानामागे दुकान, त्यामागे शेड, त्यामागे भिंत असं लांबच लांब जातं. आपल्याकडच्या जुन्या पेठेतल्या वाड्यांची आठवण येते.

आता मुख्य गोष्ट. पुलाच्या अलीकडे 1721 साली बांधलेली एक दगडी इमारत आहे, ब्लँकेट हॉल. तिच्या घड्याळाला एकच काटा. तासांचा. मी आधी दुसरा काटा पडला असेल असं समजले, पण ते तसंच आहे. 1711 साली अ‍ॅन राणीने विटनीच्या ब्लँकेट विणकरांच्या कंपनीला सनद दिली. त्या सनदेप्रमाणे गावात आणि गावाभोवती वीस मैलांत विणलं जाणारं ब्लँकेट या कंपनीच्या माणसांपुढे वजनाला आणि मापाला यायचं. हॉल बांधल्यावर ते काम या इमारतीत होऊ लागलं. कमी भरलं तर दंड. शिकाऊ पोरगा किती वर्षं उमेदवारी करणार, विणकर कोणाला म्हणायचं, हेही कंपनीच ठरवायची.

वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटर. विणकर पाठीवर, खेचरावर, गाडीवर माल घालून या दारात येत असतील आणि काट्याकडे बघत उभे राहत असतील. मी माझ्या घरच्या काट्यावर उभी होते तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं.

माझा प्रश्न असा आहे. लोकर इंग्लंडभर होती. नद्या सगळीकडे होत्या. मग ब्लँकेटाचा धंदा याच गावाला का चिकटला, आणि तीनशेहून जास्त वर्षं का टिकला?

सांगोलेकर

ताई, फार सुंदर लिहिलंत. आमच्याकडे घोंगडीचं काम घरात पाहिलेलं असल्यामुळे वाचताना हात शिवशिवले.

आमच्या भागात धनगर मेंढ्या राखतो, वर्षातून दोनदा लोकर कातरतो. घरच्या बाया ती पिंजून सूत काढतात. विणायचं काम सणगर जातीच्या विणकराचं, खड्डामागावर. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून ती खळ करायची आणि कुंच्याने उभ्या धाग्यांवर फिरवायची. नव्या घोंगडीला त्या खळीचा वास असतो, पहिल्या पावसात तो जास्तच येतो. माझ्या आज्याच्या खांद्यावर बारमाही घोंगडी. पाऊस आला की तिचीच खोळ करून डोक्यावरून घ्यायची. पाणी आत येत नसे.

पण घोंगडी टोचते. तुम्ही म्हणता ते ब्लँकेट अंगाला लागतं कसं? आणि एक करून बघा. टाक्यांच्या आतल्या बाजूला, जिथे कापड कापलेलं आहे तिथे, सुईने एक धागा उचकटून ओढून बघा. येतो का? घोंगडीचा येतो, म्हणून तर आम्ही दशा वळून गाठी मारतो.

माग_आणि_धोटा

सांगोलेकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. चाळीस वर्षं इचलकरंजीत कापडात काढली, सुती कापडात. पण लोकरीचं शिकलो होतो, ते थोडं सांगतो.

आपल्याकडे लोकरीच्या दोन वाटा आहेत. एक घोंगडी: सूत कातायचं, विणायचं, झालं. दुसरी बुरणूस: सूतच नाही, विणणंही नाही. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळी करून पायाखाली तुडवत राहायचं. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि एक जाड थर तयार होतो. धनगरांचं जेन, म्हणजे अंथरायचं जाड कापड, तसंच.

विटनीत या दोन्ही वाटा एकाच कापडात आहेत. आधी विणायचं, आणि मग विणलेलं कापड बुरणुसासारखं कुटायचं. त्यासाठी नदी. पाणचक्कीवर लाकडी हातोडे बसवलेले, ते ओल्या कापडावर आळीपाळीने पडत राहायचे. सोबत चिकट माती, आपली मुलतानी माती असते त्याच जातीची, ती लोकरीतलं तेल ओढून घेते. जुन्या काळी साठवलेलं मूत्रही वापरत, त्यातल्या अमोनियामुळे चिकटा सुटतो. घरोघरी फिरून ते गोळा करायचे. आज किळस येईल, पण रंगारी आणि धोब्यांच्या धंद्यात जगभर हीच रीत होती.

कुटून कापड चांगलंच आखडतं. म्हणून मागावर ते हव्या मापापेक्षा बरंच रुंद विणावं लागतं. इतकं रुंद की एका माणसाचा हात पुरत नाही. एका मागावर दोघे शेजारी शेजारी बसायचे, एकाने या बाजूने धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकूड, फेकायचा, दुसऱ्याने तिकडे झेलून परत फेकायचा. दोघांचा ताल जुळला तरच कापड सरळ. 1733 मध्ये जॉन केने झटक्याच्या धोट्याचं पेटंट घेतलं. दोरी ओढली की धोटा आपोआप पलीकडे जातो. विटनीत तो यायला 1800 उजाडलं. तो आला आणि मागावरचा दुसरा माणूस उठला.

कुटून झाल्यावर कापड माळावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवायचे. मग काटेरी बोंडांनी विंचरून लव वर काढायची. शेवटी बंद खोलीत गंधकाची धुरी द्यायची, त्याने पांढरं होतं. ताई, तुमचं ब्लँकेट टोचत नसणार, कारण तुम्ही हात फिरवता तो धाग्यावरून नाही, लवेवरून फिरतो. उजेडासमोर धरून बघा. विणीची जाळी दिसता कामा नये.

मुक्काम_पोस्ट

छान धागा. पण मूळ प्रश्न राहिला ना? नदी होती, हातोडे होते, पण मग कॉट्सवोल्डच्या, म्हणजे इथल्या टेकड्यांच्या भागातल्या, प्रत्येक गावात ब्लँकेट व्हायला हवं होतं. विंडरशच्या पाण्यातच काही गुण होता असं मी कुठेतरी वाचलं आहे.

जुनी_वही

पाण्याचं ते मत जुनं आहे आणि त्याचा उगम सापडतो. रॉबर्ट प्लॉट या अभ्यासकाने 1677 साली ऑक्सफर्डशायरच्या निसर्गाविषयी ग्रंथ लिहिला. हाच पुढे 1683 मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा पहिला प्रमुख झाला. ग्रंथ निसर्गाचा, पण त्यात विटनीच्या धंद्यावर त्याने जे लिहिलं आहे त्याला तोड नाही. त्याच्या मते विटनीचं ब्लँकेट इतकं पांढरं होतं ते विंडरशच्या पाण्यातल्या क्षारामुळे. पण तो प्रामाणिक माणूस आहे. लगेच पुढे सांगतो की काही लोकांना हे पटत नाही. त्यांच्या मते खरं कारण म्हणजे या भागात सूत सैल कातायची वेगळी रीत आहे.

आकडे बघा. त्या वेळी गावात ब्लँकेटचे सुमारे साठ व्यापारी-विणकर होते, त्यांचे दीडशे माग चालत, आणि आठ वर्षांच्या पोरापासून थकल्या म्हाताऱ्यापर्यंत जवळपास तीन हजार माणसं त्या कामावर होती. आठवड्याला शंभर गठ्ठे लोकर लागायची. एक गठ्ठा 240 पौंडांचा धरला तर आठवड्याला अकरा टनांच्या घरात लोकर. एवढ्याशा गावात.

आणि ही लोकर कुठली? इथे मला धक्का बसला. मी समजत होतो की शेजारच्या टेकड्यांवर मेंढ्या आहेत, त्यांचीच. नाही. मुख्य माल होता कापलेल्या मेंढीच्या कातड्यावरून काढलेली लोकर. दर आठवड्याला विटनीच्या गाड्या ब्लँकेटं भरून लंडनला जायच्या आणि परत येताना लेडनहॉल बाजारातून आणि सदर्कमधून ही खाटीकखान्याची लोकर भरून आणायच्या. म्हणजे लंडन जे मांस खात होतं त्याच्या मागे उरलेली लोकर विटनीला यायची आणि ब्लँकेट होऊन लंडनलाच परत जायची. गाडी एकाही फेरीला रिकामी नाही.

पुढे अजून आहे. आलेली लोकर पाच-सहा प्रतींत निवडायचे. सर्वांत लांब केसाची लोकर विटनीत ठेवतच नसत, ती मोज्यांसाठी सॉमरसेटकडे, वेल्स आणि टॉन्टनच्या बाजूला विकायची. त्याखालच्या चांगल्या लोकरीची मोठ्या पन्ह्याची, म्हणजे रुंद, ब्लँकेटं. मधल्या प्रतीची लहान पन्ह्याची. शेपटाकडच्या भरड लोकरीतून बोटींवर घालायची जाड आच्छादनं आणि ब्लँकेटांचे गठ्ठे बांधायची वेष्टनं. आणि अगदी शेवटचा चुरा घोड्यांच्या गळपट्ट्यांच्या कामाला जायचा.

माझं मत विचाराल तर मुक्काम_पोस्ट यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पाणी नाही, मेंढ्याही नाहीत. इतरांनी बाजूला टाकलेली लोकर घेऊन तिच्यातला प्रत्येक केस कुठे खपतो हे या गावाला ठाऊक होतं.

माग_आणि_धोटा

सैल कातायची रीत वाचून खुर्चीवरून उठलो. बरोबर आहे! पीळ घट्ट असेल तर कुटताना धागा दाद देत नाही, केस बाहेर निघत नाहीत, लव येत नाही. पीळ सैल असेल तर कापड भरून येतं. पण सैल सूत ताण्याला टिकत नाही, तुटतं. म्हणून ताण्याला पीळ जास्त आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, कमी. बाण्याच्या त्या सुतातच ब्लँकेटाची ऊब असते. हे हाताचं ज्ञान आहे. पाण्यासारखं वाहून दुसऱ्या गावात जात नाही, आईकडून मुलीकडे जातं.

तीन हजार माणसं आणि दीडशे माग, म्हणजे एका मागामागे वीस जणं. कुणाला हे जास्त वाटेल. पण चरख्यावर कातणाऱ्या बाईचं सूत एका मागाला पुरत नाही, खूप जणी लागतात. शिवाय लोकर निवडणारे, विंचरणारे, कांड्या भरणारी पोरं. मागावर बसलेला विणकर सगळ्यांना दिसतो, त्याच्यामागच्या या बाया कुणाला दिसत नाहीत.

ओसरीवर

आठ वर्षांचं पोर. माझा धाकटा आठचाच आहे. जुनी_वही यांचा प्रतिसाद मी त्याला शाळेत सोडून येऊन वाचला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. या धंद्याविषयी मला प्रेम वाटायला लागलंय, पण हेही त्या ब्लँकेटात विणलेलं आहे, ते बाजूला काढता येणार नाही.

कंपनीविषयीही एक विचारते. वीस मैलांतला सगळा माल आमच्याच दारात आणा, हा जाच नव्हता का? लांबच्या खेड्यातल्या गरीब विणकराचा दिवस मोडत असेल.

कॅनडातला_पाऊस

मी विनिपेगमध्ये राहते. विटनी हे नाव इथे वाचलं आणि लॉगिन करावंच लागलं.

इथे हडसन्स बे कंपनीचं पट्ट्यांचं ब्लँकेट ओळखत नाही असा माणूस नाही. पांढऱ्या अंगावर निळा, पिवळा, लाल, हिरवा असे चार पट्टे. कंपनी 1670 पासूनची, कातड्यांच्या व्यापाराची. बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याची कातडी द्यायची, बदल्यात माल घ्यायचा. 1779 मध्ये एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून कंपनीने खुणांच्या ब्लँकेटांची मागणी दिली ती विटनीच्या टॉमस एम्पसनकडे. 1780 पासून ती जहाजाने इकडे येऊ लागली.

या खुणांविषयी इथे एक गैरसमज घरोघरी आहे. ब्लँकेटाच्या कडेला निळीच्या धाग्याच्या आखूड रेघा विणलेल्या असतात, तीन, साडेतीन, चार. अर्धी खूण म्हणजे अर्ध्या लांबीची रेघ. लोक सांगतात की जितक्या रेघा तितकी बीव्हरची कातडी मोजायची. तसं नाही. रेघा म्हणजे फक्त आकार. ब्लँकेटं घडी घालून ढिगात रचलेली असताना कडेकडे बघून कोणतं किती मोठं ते कळावं, एवढ्यासाठी. घडी उलगडायची गरज नाही, भाषा यायची गरज नाही.

इथल्या मूळ लोकांनी त्यांचे कोट शिवले, कपोट म्हणतात. लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते, इथल्या उणे तीसच्या थंडीत याचा अर्थ काय हे इथे राहिल्यावरच कळतं. त्या व्यापाराने मूळ लोकांचं आयुष्य कसं उलटंपालटं केलं हा मोठा विषय आहे आणि ती जखम इथे अजून ओली आहे. माझ्या ओळखीच्या काही घरांत हे ब्लँकेट आजीची आठवण म्हणून जपलेलं आहे, आणि काही जण ते घरात ठेवत नाहीत. दोन्ही मला समजतं.

2025 च्या जूनमध्ये कंपनीची सगळी दुकानं बंद झाली. शेवटच्या आठवड्यांत लोक त्या ब्लँकेटांसाठी रांगा लावून उभे होते.

सांगोलेकर

निळीच्या रेघेची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. अक्षर न लिहिता माप सांगायचं!

ताईंनी कंपनीच्या जाचाचं विचारलं. मी दुसऱ्या बाजूने बघतो. आमच्याकडे घोंगडी विकायला बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक विचारतं, खरी लोकर आहे ना? भेसळ नाही ना? तो शपथ घेतो. शपथेपलीकडे त्याच्याकडे काही नसतं. शेजारी गिरणीतली भेसळीची घोंगडी निम्म्या भावात पडलेली असते आणि तीही घोंगडीच म्हणवते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी, गावाचं नाव कुणीही लावू नये म्हणून. विटनीने हे 1711 सालीच करून ठेवलं होतं. विणकराचा दिवस मोडत असेल, पण काट्यावरून उतरलेल्या मालाला लंडनमध्ये कुणी उलगडून बघत नसेल.

जुनी_वही

दोघांचंही खरं आहे. सनद ही गावातल्या मोठ्या विणकरांनी स्वतःच्या फायद्यासाठीच मिळवलेली होती, बाहेरच्याला दूर ठेवणं हा तिचा भाग होताच. धंदा मोठ्या गिरण्यांत गेल्यावर असल्या कंपनीची गरज संपली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती मोडली.

त्याच सुमारास दगडी कोळशाचा प्रश्न उभा होता. विटनीजवळ कोळसा नाही, तो गाडीवाटेने आणावा लागायचा, म्हणून यॉर्कशायरच्या वाफेवरच्या गिरण्यांशी सामना अवघड. 1861 मध्ये रेल्वे आली आणि मग यंत्रमाग, वाफ, धुराडी. यातून जे घराणं उरलं आणि वाढलं ते अर्ली. 1669 पासून पिढ्यान्‌पिढ्या ब्लँकेट. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक, पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली स्वतः या गावात अनेकदा येऊन प्रवचनं करून गेला होता.

बाकी धंदे थोडक्यात. शेजारी विचवुड नावाचं राजाचं जंगल, तिथल्या हरणांच्या कातड्यावर या भागात हातमोजे शिवायचं काम वाढलं, घरी बसून बायका शिवायच्या. कॉर्न स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, 1863 सालचं धान्य बाजाराचं सभागृह आहे, म्हणजे भोवतालच्या शेतीचा पैसाही इथेच फिरायचा. जव होते म्हणून माल्ट आणि बिअर. क्लिंच हे त्यातलं मोठं नाव. त्यांच्या जुन्या जागेत 1983 मध्ये सुरू झालेली विचवुड ब्रुअरी 2023 च्या अखेरीस बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात गावाच्या विमानतळावर डी हॅविलंड कंपनी लढाऊ विमानं दुरुस्त करायची, आणि युद्धानंतर तिथेच स्मिथ्स कंपनी मोटारींचे हीटर बनवू लागली.

माग_आणि_धोटा

ब्लँकेटाच्या गावात हीटर! आणि शेवटी ब्लँकेटाला ऊबच नडली. घरोघरी हीटर आले, 1970 नंतर दुलईसारखी हलकी, खोळीत घालायची रजई आली. सकाळी एकदा झटकली की अंथरूण झालं. चादर, वर दोन ब्लँकेटं, कोपरे दुमडून गादीखाली खोचायचे, एवढा वेळ कोण घालवणार. 1960 मध्ये अर्ली आणि मॅरियट ही दोन घराणी एकत्र आली, हलक्या जाळीदार विणीची ब्लँकेटं करून बघितली. 2002 साली गिरणी बंद झाली.

मी ज्या कारखान्यात होतो तोही बंद पडला. शेवटच्या दिवशी यंत्रमाग भंगारवाल्याच्या गाडीत चढवताना आमच्यातला एक जॉबर, माग दुरुस्त करणारा, प्रत्येक मागाचा धोटा काढून पिशवीत भरत होता. कशाला रे, विचारलं, तर काही बोलला नाही. त्यातला एक माझ्याकडे आहे. टोकाचं लोखंड गंजलंय, मधलं लाकूड माणसाच्या हाताने गुळगुळीत झालेलं तसंच आहे.

एक चांगली आठवण देऊन थांबतो. 1906 च्या जून महिन्यात अर्लींच्या गिरणीने पैज घेतल्यासारखं काम केलं. पहाटे मेंढ्या कातरल्या आणि सूर्य मावळायच्या आत त्याच लोकरीची ब्लँकेटं घडी घालून तयार. कातरणं, धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, कुटणं, वाळवणं, लव काढणं, सगळं एका दिवसात. 1969 मध्ये तीनशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा परत केलं आणि वेळ आणखी कमी केला. ज्याने हातात धोटा धरलाय त्याला ह्यातला घाम कळेल. किती जणांनी एकमेकांच्या हाताकडे बघत तो दिवस काढला असेल.

मुक्काम_पोस्ट

काका, तो धोट्याचा फोटो टाका ना इथे.

आणि ओसरीवर, सांगोलेकरांनी सांगितलेला धागा ओढून पाहिलात का?

ओसरीवर

पाहिला. काल संध्याकाळी.

आधी उजेडासमोर धरलं. मागच्या खिडकीत ऊन येतं तिथे दोन्ही हात वर करून उभी राहिले. जाळी दिसली नाही. कसरीची तीन भोकं तेवढी चमकली, आणि एका जागी, बहुधा कुणीतरी वर्षानुवर्षं हनुवटीशी ओढून घेतलं असेल तिथे, कापड विरळ झालेलं दिसलं. तिथे मात्र उभे-आडवे धागे मोजता येतात. बाण्याचा धागा जाड आणि पसरट, ताण्याचा बारीक आणि पिळाचा. काका, तुम्ही म्हणालात तसाच.

मग टोकाचे चार टाके उसवले. तो ब्लँकेट टाका आहे, शाळेत शिवणाच्या तासाला आपण सगळ्याजणी रुमालावर घालायचो तोच. मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं की त्याचं नाव ज्यावरून पडलं ती वस्तू माझ्या मांडीवर आहे. उसवलेल्या कडेतून सुईने धागा उचकटला. सुई आत गेली, धागा थोडा वर आला आणि तिथेच अडकला. ओढला तर त्याच्यासोबत आजूबाजूचे सगळे केस उठले, एक छोटा तंबू झाला. सोडल्यावर परत बसला. नाही निघाला, सांगोलेकर.

भोकं रफू करायची आहेत. लोकरीचं सैल पिळाचं पांढरं सूत गुरुवारच्या बाजारात मिळतं का ते या आठवड्यात बघते. नाही मिळालं तर तुमच्याकडून थोडं मागवेन म्हणते, धनगरी लोकरीत पांढरी असते ना?

सांगोलेकर

असते ताई. आईला सांगितलंय, ती कातून ठेवते. पीळ सैल ठेव म्हणालो, तर म्हणाली मला शिकवू नको.